भविष्यकाळाला लिंग नसते!

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतरच्या श्रावणात आमच्या भागात एक छोटेखानी साहित्य मेळावा झाला. सीमाभागातले मेळावे होतात तसाच : सतरंजीवर साठ माणसे आणि व्यासपीठावर अकरा. विज्ञानकथेवर कोणीतरी बोलायला हवे असे संयोजकांना वाटले आणि मराठी घेऊन एम. ए. झालेला, शिवाय विज्ञानकथा आवडीने वाचणारा मुख्याध्यापक कोळार पंचक्रोशीत मी एकटाच सापडलो. भाषण बरे चालले होते. शेवटच्या पाच मिनिटांत मी म्हणालो, की जगातल्या नव्या विज्ञानकथेत समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी माणसे आता कथेच्या मध्यभागी उभी आहेत आणि मराठी विज्ञानकथेनेही त्यांना जागा द्यावी.

पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ स्नेही उठले. म्हणाले, "सर, यंत्रमानव आणा, आठ पायांचे परग्रहवासी आणा, काळातून मागेपुढे उड्या मारा. पण हे असले काही आणू नका. हे आपल्या मातीतले नाही." टाळ्या पडल्या. माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या इतक्या पडल्या. आभारप्रदर्शनाची घाई होती, म्हणून मी खाली बसलो. त्या टाळ्यांना तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर आज या अंकातून देतो आहे.

प्रथम त्या आठ पायांविषयी. विज्ञानकथा म्हणजे 'जर' या शब्दाचा संसार. नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहिले, त्यात विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली तर, एवढाच 'जर' होता आणि त्यातून सगळा हिंदुस्थान बदलला. 'उजव्या सोंडेचा गणपती' या त्यांच्या कथेत माणसाचे डावे-उजवेच उलटते. उजव्या हाताचा माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा डावखुरा होऊन परत येतो, डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. चांगल्या घरातल्या सुशिक्षित वाचकांनी ही कथा चवीने वाचली. देह आरपार उलटला तरी आतला माणूस तोच आहे, हे त्यांना बिनतक्रार पटले. मग देहाचे आणखी एक टोक उलटले, किंवा उलटलेच नाही पण आतल्या माणसाने सांगितले की माझे खरे रूप आरशातले आहे, तर त्याच वाचकांच्या कपाळाला आठ्या का? माझ्या स्नेह्यांना आठ पाय चालतात, कारण आठ पायांचे कोणी त्यांच्या आळीत राहत नाही. हे दुसरे कोणीतरी राहत असते. अडचण तीच आहे.

आता मातीविषयी. माझे घर बिदरच्या मातीत आहे, म्हणून या मुद्द्यावर मी जरा आवाज चढवून बोलणार. आमच्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात शरणांचा अनुभवमंटप भरत होता. बसवण्णांच्याही आधीचे वचनकार जेडर दासिमय्या सुरपूर तालुक्यातल्या मुदनूरचे. देह पाहून लोक बाई-पुरुष ठरवतात, पण आत वावरणारा जीव यातला कोणीच नाही, असे सांगणारे त्यांचे वचन कन्नड शाळेतला मुलगाही ओळखतो. मराठीच्या पहिल्या पानावर या. महानुभावांच्या चरित्रपरंपरेत चांगदेव राऊळ आपला देह टाकतात आणि हरपाळदेव या मृत राजपुत्राच्या देहात शिरतात. तेच आपले चक्रधरस्वामी. एका देहातला जीव दुसऱ्या देहात घालणे ही आजच्या परदेशी विज्ञानकथेची लाडकी कल्पना. आमच्याकडे मराठी गद्याची सुरुवातच तिच्या शेजारी झाली आहे. महाभारतात शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, पोटी मूल वाढवणारा युवनाश्व राजा आहे. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगास्वन राजाची कथा सांगतात. त्या राजाची सरोवरात स्नान करताच स्त्री होते आणि इंद्राने पुन्हा पुरुष व्हायचा वर देऊ केला तरी तो नको म्हणतो. ही कथा भीष्माने सांगावी, तीही शरपंजरी पडलेला असताना, आणि आम्ही म्हणावे, हे आपल्या मातीतले नाही!

जुने राहू द्या. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणी आणि जोगते आहेत. त्यांच्यावर 'जोगवा' चित्रपट २००९ मध्ये निघाला. लुगडे नेसणारा जोगता पडद्यावर पाहून मराठी माणूस रडला. सीमेपलीकडे, म्हणजे आमच्यासाठी सीमेअलीकडे, मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा माती तयार आहे. ओस पडले आहे ते विज्ञानकथेचे वावर.

कारण मराठीचे बाकीचे वावर ओस नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आले. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आली, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली, लक्ष्मीनारायण त्रिपाठींचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' २०१२ मध्ये आले. शेजारच्या कन्नडात वसुधेंद्रांचा 'मोहनस्वामी' २०१३ मध्ये आला. आमच्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांनी तो मुळातून वाचला. म्हणजे वास्तववादी लेखकाने दार उघडले. आणि ज्याने सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या पुढे पाहायचे, तो विज्ञानकथाकार दाराशी चपला शोधत उभा राहिला.

माझ्या कपाटात मराठी विज्ञानकथांच्या दोन फळ्या आहेत. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे. या मंडळींनी आम्हाला वाढवले, हे ऋण मान्य करूनच बोलतो. पण त्यांच्या वाटेवरून पुढे गेलेल्या शेकडो दिवाळी अंकी विज्ञानकथांत एक गोष्ट ढळत नाही. इसवी सन २२५० असो की ३०५०, प्राध्यापक प्रयोगशाळेतून घरी येतात आणि सौभाग्यवती चहा आणतात. मंगळावर वसाहत झाली तरी मुलीच्या लग्नाची काळजी पृथ्वीवरचीच. प्रकाशाच्या वेगाचा नियम आम्ही सहज मोडतो, पण चहा कोणी आणायचा हा नियम मोडताना हात थरथरतो. मग ती विज्ञानकथा राहत नाही. तो जुनाच संसार अंतराळयानात हलवलेला असतो.

दरम्यान जग कुठे गेले? दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ ला धक्का दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला, २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क दिला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीने जवळ येणाऱ्या दोन सज्ञान माणसांवरचा गुन्हेगारीचा शिक्का काढला. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये नोकरभरतीत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखल्या. सरकारी राजपत्राने विज्ञानकथेला मागे टाकावे, ही घटना साहित्याच्या इतिहासात विनोद म्हणून नोंदवण्यासारखी आहे.

आता परदेशाकडे वळतो. अनुकरणासाठी नव्हे, हिशेबासाठी. उर्सुला ले ग्वीन या अमेरिकन लेखिकेची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी १९६९ ची. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावरची माणसे एरवी ना बाई ना पुरुष. महिन्यातले काही दिवसच ती यातले काहीतरी एक होतात, आणि कोणते होतील हे आधी ठाऊक नसते. एकच माणूस काही मुलांची आई आणि काही मुलांचा बाप असू शकतो. पृथ्वीवरून गेलेला दूत गोंधळतो, आणि वाचकाला कळते की गोंधळ दूताच्या डोक्यात आहे, ग्रहावर सारे सुरळीत आहे. पण गंमत पुढेच. लेखिकेने त्या सर्व माणसांना इंग्रजीतले पुरुषवाचक सर्वनाम वापरले. टीका झाली. आधी तिने समर्थन केले आणि पुढे कबूल केले की आपण अधिक धीट व्हायला हवे होते. २०१३ मध्ये ॲन लेकी या लेखिकेने 'ॲन्सिलरी जस्टिस'मध्ये उलटे केले. एका साम्राज्यातल्या सगळ्यांना, सेनापतीपासून शिपायापर्यंत, स्त्रीवाचक सर्वनाम. वाचक शेवटपर्यंत चाचपडतो आणि मग चाचपडण्याची गरजच काय होती, असे स्वतःला विचारतो. आपल्या कोलकात्याच्या इंद्र दास यांची 'द डिव्हावरर्स' २०१५ ची. तीत एका प्राध्यापकाला रूप बदलणाऱ्या प्राण्यांची मोगल काळापासूनची कहाणी ऐकायला मिळते. समलिंगी व पारलिंगी साहित्यासाठी असलेला अमेरिकेतला लॅम्डा पुरस्कार तिला २०१७ मध्ये मिळाला. रायका आओकी यांच्या २०२१ च्या कादंबरीत घर सोडून पळालेली एक पारलिंगी मुलगी व्हायोलिन शिकते आणि परग्रहावरून निर्वासित म्हणून आलेले कुटुंब डोनटचे दुकान चालवते. निर्वासितांना पोट असते आणि मुलीला रियाज असतो. कोणी कोणाचे प्रवचन ऐकून घेत नाही.

आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. ते होते नारळीकर. आद्याक्षरे उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली होती. त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स टिपट्री या नावाने गाजत असलेल्या कथाकाराची भाषा अस्सल मर्दानी आहे, असा निर्वाळा जाणकार देत होते. १९७७ च्या सुमारास उलगडा झाला, की ते टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाच्या बाई आहेत. पुरुषाची कथा बाईच्या अक्षरात पहिली आली, बाईची कथा पुरुषाच्या नावाने गाजली. लेखणीवरून माणूस ओळखणारे दोन्हीकडे फसले.

इथवर मी दुसऱ्यांना झोडपले. आता स्वतःची पाळी.

२००९ साली मी एका हायस्कुलात नववीला मराठी शिकवत होतो. निबंधाच्या वहीत 'मला पंख असते तर' छापाचा विषय दिला होता. एका वहीत निबंधाऐवजी गोष्ट निघाली. दोन सूर्यांच्या ग्रहावर जाणाऱ्या मुलाची. हजेरीपटावर ते मुलाचे नाव होते. पहिल्या पानावर 'मी निघालो', 'मी चढलो' असे नीट चालले होते. दुसऱ्या पानापासून 'मी पोहोचले', 'मी हसले', 'मी नदीत उतरले'. मग पुन्हा 'आलो', पुन्हा 'गेले'. मी लाल पेन घेतले. तेवीस गोल केले. खाली शेरा दिला, 'लिंग-वचनाकडे लक्ष द्या', आणि दहापैकी चार गुण. एवढ्यावर थांबलो असतो तर आज कदाचित लिहिण्याची वेळ आली नसती. मी त्यातली दोन वाक्ये वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर त्या वहीत वर्षभर फक्त स्वाध्यायाची उत्तरे आली, निर्दोष लिंग-वचनात.

बारा वर्षांनी, मी मुख्याध्यापक झाल्यावर, कार्यालयात एक तरुणी आली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव बदलून हवे होते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र तिने आणले होते. कागद पाहिले, जनरल रजिस्टर काढले, आणि जुने नाव वाचून मी ओळखले. चहा मागवला. निघताना ती म्हणाली, "सर, ती दोन सूर्यांची गोष्ट आठवते? त्यात चुका नव्हत्या. दुसरा सूर्य उगवला की ती मुलगी व्हायची. मावळला की परत."

मी तेवीस चुका मोजल्या होत्या. ते कथानक होते.

मी विचारले, ती वही आहे का? ती म्हणाली, "तेव्हाच रद्दीत गेली, सर." आता ती गोष्ट तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. परग्रहावरच्या नियमाला व्याकरणात बसवणारी मराठीतली एक कथा पंधरा वर्षांच्या हातून लिहिली गेली होती, आणि एम. ए. झालेल्या माणसाने ती खोडली. म्हणून स्नेह्यांच्या टाळ्यांवर मला राग येतो तेव्हा त्यातला निम्मा राग जुना असतो, आणि माझ्यावरचा असतो.

त्या दिवसापासून मी आमच्या व्याकरणाकडे नव्या नजरेने पाहू लागलो. कन्नडात 'नानु बंदे' म्हटले की झाले, बोलणारा बाई की पुरुष हे त्यात नाही. इंग्रजीतही नाही. मराठीत मात्र 'आलो' की 'आले' हे सांगितल्याशिवाय मला घरात पाऊल टाकता येत नाही. ज्याला हा प्रश्न आतून छळतो त्याला मराठीत दिवसातून शंभर वेळा प्रतिज्ञापत्र करावे लागते. तरी भाषा वाटते तितकी कठोर नाही. कोल्हापूर-बेळगावकडच्या मुली सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, आणि त्यांची लग्ने त्यामुळे अडत नाहीत. 'मी भाकरी खाल्ली' या वाक्यात लिंग भाकरीचे, खाणाऱ्याचे नाही. आणि आता मुख्य गोष्ट, जी मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत होतो आणि कधी वाचली नाही. ताख्यातात 'जातो-जाते' होते, लाख्यातात 'गेला-गेली' होते. पण भविष्यकाळ चालवा. मी जाईन. तू जाशील. तो जाईल, ती जाईल, ते जाईल. ईलाख्यातात लिंगभेद नाही! मराठीच्या वर्तमानाला लिंग आहे, भूतकाळाला आहे, भविष्यकाळाला नाही. भविष्याची कथा लिहिणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती भाषा देईल? संपूर्ण कथा भविष्यकाळात लिहा, निवेदक कोण आहे हे वाचकाला शेवटपर्यंत कळणार नाही, आणि व्याकरणाचा एकही नियम मोडणार नाही. इंग्रजीत ज्या अडचणीने ले ग्वीनबाईंना वर्षानुवर्षे सतावले, तिच्यावरचा उपाय आमच्या आठवीच्या व्याकरणात पडून आहे.

नव्या लेखकांनी विचारले, लिहायचे काय, तर सीमाभागातच पाहा. मोबाईलवरचे भाषांतरयंत्र 'नानु बंदे' मराठीत आणताना 'आलो' की 'आले' हे स्वतः ठरवते. उद्या कलबुर्गीच्या कोर्टात साक्ष अशा यंत्रातून गेली, साक्षीदाराने आपण कोण हे सांगितलेच नाही आणि यंत्राने ते ठरवून टाकले, तर? कृत्रिम गर्भाशय निघाले आणि दोन बापांचे मूल पहिलीत नाव घालायला आले, तर आमच्या रजिस्टरातल्या 'आईचे नाव' या रकान्यात कारकुनाने काय लिहायचे? माणसाचे मन यंत्रात उतरवले आणि त्या मनाने सांगितले की मला माझ्या बायकोचा आवाज द्या, तर देणाऱ्या तंत्रज्ञाने कोणाची संमती घ्यायची?

आणि गंगाधरपंतांच्या वाटेने जायचे तर कल्याणला चला. परंपरा सांगते, हरळय्या चर्मकार आणि मधुवरस जन्माने ब्राह्मण. दोन्ही शरणांनी मुला-मुलीचे लग्न लावले आणि त्याची शिक्षा म्हणून दोघांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेले. कल्याण उद्ध्वस्त झाले, शरण पांगले. समजा, ते लग्न सुखाने पार पडले. अनुभवमंटप आठशे वर्षे टिकला. जात विचारायची नाही हे पहिल्या पन्नास वर्षांत ठरले असते, तर पुढच्या साडेसातशे वर्षांत त्या मंटपात आणखी काय काय विचारायचे नाही असे ठरले असते? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. त्या दुसऱ्या कल्याणात तो प्रश्न कोणत्या शतकात सुटला असता? ही कादंबरी कोणी लिहिली तर मी पहिल्या आवृत्तीच्या दहा प्रती शाळेसाठी घेईन.

दोन इशारे देऊन आवरतो. एक : प्रचारपत्रक लिहू नका. सद्गुणी समलिंगी शास्त्रज्ञ पृथ्वी वाचवतो आणि सर्वांचे डोळे पाणावतात, ही कथा आठ्या घालणाऱ्यांच्या कथेइतकीच खोटी. त्याला हेवा असू द्या, कर्ज असू द्या, त्याचा प्रयोग फसू द्या. दोन : मुले वाचतात म्हणून लिहू नका, असे कोणी म्हणाले तर त्याला माझ्याकडे पाठवा. मुले वाचतात म्हणूनच लिहायचे. त्यातले एखादे लिहितही असते.

शेवटी संपादकांना एक विनंती. पुढच्या वर्षी या अंकाकडे एखादी विज्ञानकथा येईल आणि तिच्या दुसऱ्या पानावर 'आलो'चे 'आले' झालेले दिसेल. मुद्रितशोधकाने पेन उचलण्यापूर्वी लेखकाला एक फोन करावा.